तीट

गाडी आणून तीन दिवस झाले तरी
सेल्बी गाउडीने ती गावाबाहेर नेलेली नाही.
घर ते गोदी, गोदी ते पोस्ट.
समोरून कुणाचा ट्रक आला की पार कडेला घेतो,
नव्या धोतरावर कढी सांडेल म्हणून
पंगतीत उभ्यानेच जेवणाऱ्या माणसासारखा.

अडुसष्ट वर्षांत पहिली कोरी गाडी.
निळी, जांभळाकडे झुकणारी.

जुनीच्या बॉनेटवर देवीचे वण होते
आणि प्रत्येक वणाची त्याला तिथी ठाऊक:
हा लाकडं नेणाऱ्या लॉरीमागचा,
हा पुलाच्या अलीकडे, रेडिओ लावायला वाकलो तेव्हाचा,
हा हेझलला रात्री दवाखान्यात नेताना.
तो खडा लागल्याचं ऐकूही आलं नव्हतं.
गंज तिथूनच शिरला.
मिठाला आत यायला
तांदळाच्या कणीएवढं दार पुरतं.

लॅब्रडॉरमधला जून.
वर्ना ब्लेकच्या गॅरेजचं दार बंद,
धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी मारलेलं.
ती फिल्म उलगडते, सायीसारखी ताणते,
खाली साबणाच्या पाण्याचा फवारा, वर रबरी पट्टी,
मधून बाहेर, मधून बाहेर,
बुडबुडे कडेला पळतात.
"पूर्ण गाडीला लावू?"
"मी काय वकील आहे?
बॉनेट, नाक, आरशांच्या पाठी,
चाकांमागच्या पोटऱ्या."
"आणि छपराची कड?"
"छपराचं छपराला कळेल."

मग काचा.
टेबलावर नमुन्यांचे तुकडे: पाच, वीस, पस्तीस, सत्तर.
आकडा जितका लहान तितका काळोख मोठा.
हेझलने एकेक डोळ्यांसमोर धरला.
ऑपरेशन झाल्यापासून मार्चमधला बर्फ
तिच्या डोळ्यांत सुया खुपसतो.
तिने वीस उचलला.
"यात बरं वाटतं."

सेल्बी गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला,
"यातून बोट दिसेल का?"
"कुठलं बोट?"
त्याने हवेतच स्टिअरिंग धरलं
आणि तर्जनी उचलली. एवढीशी.

इथला रामराम तेवढाच असतो.
उणे तीसमध्ये काच कोण खाली करतं?
पंपावर शेजारी कुणी येऊन थांबला
तर त्या एका बोटावरून कळतं
की तू आहेस, बरा आहेस,
आणि बोटीच्या मोटरवरून झालेलं भांडण मिटलंय.
"फ्रीडाच्या पोराने पाच लावली," सेल्बी म्हणाला,
"तीन महिने आम्हाला वाटत होतं, रुसलाय."

"मग मी मागे बसू का?" हेझलने विचारलं.
ती मागे कधीच बसलेली नाही.
नकाशा नसलेल्या रस्त्यांवरही
डावीकडे घे, उजवीकडे घे, हे तिनेच सांगितलंय.
वर्ना पट्टी पुसत राहिली. अशा वेळी ती पट्टी फार वेळ पुसते.

शेवटी हेझलच म्हणाली,
"माझ्या बाजूला पस्तीस लाव. त्याच्या बाजूला सत्तर."
"असं कुणी करत नाही. एक डोळा मिटल्यासारखी दिसेल गाडी."
"दिसू दे. गाव म्हणेल,
म्हातारा म्हातारीची गाडी डोळा मारते."

संध्याकाळी बॉनेटला गरम हवा देताना
वर्नाला ती दिसली: काळी माशी,
दाराच्या कुठल्या फटीतून आली कोण जाणे,
फिल्मखाली, पंख पसरून, कायमची.
वर्नाने शिवी हासडली आणि सुरी उचलली.
"अख्खा तुकडा परत लावते. पैसे घेणार नाही."

सेल्बीने चष्मा कपाळावरून खाली ओढला,
वाकून पाहिलं,
नव्या रंगात स्वतःचं नाक दिसलं, आणि शेजारी माशी.
"राहू दे," म्हणाला.
"इथलीच आहे."

एवढ्या निळ्या, एवढ्या देखण्या गालावर
मोहरीएवढा काळा ठिपका.
त्याच्या भाषेत त्याला शब्द नाही.
आपल्याकडे आहे.

दार वर गेलं. तो बाहेर पडला
आणि आज कडेला घेतली नाही.
समोरून खडी उडवत एक लॉरी आली.
त्याने बोट उचललं.